चिंधी न बांधलेला फर्मा

कन्हान, २१ ऑक्टोबर

श्री. रोशन नत्थू गजघाटे यांस,

वर 'जय भीम' लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम गाळलंय. 'दादा'सुद्धा गाळलंय. तुझ्याशी या जन्मात बोलणार नाही असं मी आईसमोर बोलून बसलेय, म्हणून लिहितेय. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. शिवाय तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस, त्यामुळे दुसरा मार्गही नाही. कारखान्याचा पत्ता तुझ्याच व्हिडिओखाली मिळाला. चाकण काय, छान आहे.

व्हिडिओ तीन मिनिटं बेचाळीस सेकंदांचा आहे. मी तो किती वेळा बघितला ते सांगणार नाही. तू राखाडी टी-शर्ट घालून त्या कॅम्पर गाडीच्या दारात उभा आहेस आणि पुढची सीट एका बोटाने मागे फिरवतोस. म्हणतोस, "सीट फिरली की गाडीची बैठकीची खोली झाली." बरोबर आहे. मग म्हणतोस, "सीटखाली साधी फिरती बैठक लावली तर सीट फिरताना दाराला अडते, म्हणून मी ती ज्यावर फिरते तो मधला खिळा दोन बोटं आत सरकवला. ही आयडिया मला कन्हानच्या पुलावर सुचली."

कन्हानच्या पुलावर तुला आजवर फक्त ओकारी सुचली आहे. लहानपणी बसमध्ये तुझ्या शेजारी पिशवी धरून कोण बसायचं ते आठव.

तो खिळा आत सरकवायची गोष्ट मला आपल्या सैपाकघरात सुचली. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी आणि आई तिची पत्र्याची पेटी भिंत आणि ओट्याच्या मधून काढत होतो. पेटी अडली. आई म्हणाली, "आधी इकडचा कोपरा आत ढकल वं, मंग फिरते ते." मी हातातली पेटी तशीच सोडून बाबांच्या सीटांच्या शेडमध्ये गेले आणि फरशीवर खडूने आकृती काढली. आई मागून ओरडत होती. तू तिथेच पेपर घेऊन बसला होतास. खडूकडे बघून म्हणालास, "तू शिवणकाम पाह्य. लोखंड माह्याकडे राहू दे." बाबा गेल्यावर तू हीच वाटणी केली होतीस, लोखंड तुझं आणि गाद्या माझ्या. फक्त लोखंडाच्या वेळेला तू बहुतेक वेळा चौकात असायचास, म्हणून वेल्डिंगचा चष्मा माझ्या नाकावर बसला.

आणि तू निवडलास कोणता दिवस? आम्ही बुद्धपौर्णिमेला दीक्षाभूमीला गेलो तो. "पोट दुखून राह्यलं, तुमी जा," म्हणालास. आईने जाण्याआधी तुला ओव्याचं पाणी करून दिलं. संध्याकाळी परत आलो तर तू नाहीस, भिंतीवरचा फर्मा नाही, आणि शिवणयंत्रावर चिठ्ठी: 'पुण्याले चाललो. काम जमलं की कळवतो.' जो पोलादी पत्रा वर ठेवून बैठकीची सगळी भोकं पाडायची, तो माझ्या हाताने कापलेला, घासलेला पत्रा तू पिशवीत घालून नेलास. मागितला असतास तर कदाचित दिलाही असता. हे मला जास्त लागलंय.

भिंतीवर या बैठकीचे दोन फर्मे होते, जुना आणि नवा. दिसायला जुळे. तू कोणता नेलास ते मला रिकाम्या खिळ्यावरून कळलं. एवढंच लिहिते. पुढचं काहून लिहू?

प्रीती

◆

कन्हान, २३ ऑक्टोबर

हे पत्र टाकायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय. पण कुठेतरी लिहिल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही.

तू जुना नेलास. जुन्यात खोट आहे.

फेब्रुवारीत तू मित्राच्या लग्नाला गोंदियाला गेला होतास, तेव्हा रितिका मॅडमची गाडी आपल्याकडे कामाला होती. आपली पहिली कॅम्पर. आई तिला चुलीची गाडी म्हणायची, कारण मागे शेगडी होती. मी पहिली बैठक बसवली, सीट चढवली आणि पारशिवनी रोडला चक्कर मारायला निघाले. आई म्हणाली, "चुलीच्या गाडीत मलेबी बसू दे." बसवलं तिला बाजूच्या सीटवर, पट्टा लावला. तिने पदर डोक्यावर घेतला आणि रस्त्यावरच्या लोकांकडे बघत बसली, अगदी तोऱ्यात.

शेतातून एक ट्रॅक्टर एकदम रस्त्यावर आला. मी कचकन ब्रेक मारला. आईची सीट फिरली. आईसकट फिरली. तिने सावरायला हात पुढे केला आणि तो डॅशबोर्डवर आपटला. मनगट मोडलं.

तुला फोनवर मी सांगितलं की आई न्हाणीत पडली.

खोट अशी आहे. सीट जागेवर अडकवणारी पिन ज्या भोकात बसते, ते भोक मी दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर पाडलं होतं. पिन पडल्याचा 'कट्' असा आवाज येतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण ती अर्धीच बसलेली असते. रिकामी सीट हाताने हलवून बघितली तर हलत नाही. माणूस बसला, जोरात ब्रेक लागला, की सुटते. मी आठवड्याच्या आत नवा फर्मा कापला, रितिका मॅडमच्या गाडीची बैठक बदलली आणि मगच गाडी दिली. त्यांना खरं काय ते सांगितलं. तुला नाही.

बाबांचा कायदा तुला माहीत आहे. चुकलेला फर्मा फेकायचा नाही. त्याला लाल चिंधी बांधायची, शेडमधल्या सगळ्यांना बोलवायचं, आणि ज्याचं चुकलं त्याने स्वतःचं नाव घेऊन मोठ्याने सांगायचं की काय चुकलं. मग तो भिंतीवर टांगायचा. कोळशाच्या ट्रकवाल्यांसमोर बाबा सांगायचे, "हे नत्थू गजघाटेनं चुकवलं. पाठ इकडे झुकली, म्हणून डायवरची कंबर गेली. पाह्यून घ्या." ट्रकवाले हसायचे. भिंतीवर अकरा चिंध्या आहेत, अकराही बाबांच्या. आपल्या दोघांची एकही नाही, याचा अर्थ आपण चुकत नाही असा नव्हे.

मी चिंधी बांधली नाही. बांधली असती तर तू विचारलं असतंस, आणि मला तुझ्यासमोर उभं राहून सांगावं लागलं असतं. तू म्हणाला असतास, "म्हणूनच म्हणत होतो, शिवणकाम पाह्य." ते ऐकण्यापेक्षा मला आईला न्हाणीत पाडणं सोपं वाटलं. पत्रा कापून भंगारात टाकायलाही हात उठेना, कारण पहिला होता. म्हणून तसाच टांगला, चिंधीशिवाय.

आता तो तुझ्याकडे आहे. बरं झालं. चाकणचे इंजिनिअर तपासतील, त्यांना सापडेल, सगळ्यांसमोर तुझं नाक कापलं जाईल. मग तू कन्हानला येशील आणि खाली मान घालून विचारशील, प्रीती, यात काय चुकलंय? मला तेवढंच हवं आहे. दुसरं काही नको.

◆

कन्हान, ११ नोव्हेंबर

रोशन,

तुझं पत्र मिळालं. फोन उचलायची लाज वाटते आणि पत्र लिहायची वाटत नाही, हा काय प्रकार आहे? पण मीही तेच करतेय, तेव्हा सोड.

तू लिहिलंस, "घरचं काम घरातच राह्यलं ना. नाव कोनाचं का असेना, सारं बाबाचंच हाय." वा. बाबांचं नाव सोयीचं आहे, ते उठून भांडायला येत नाहीत. बाबांनी आयुष्यभर ट्रकच्या सीटा केल्या, त्यातली एकही फिरत नव्हती. आणि सारं बाबांचंच असेल तर व्हिडिओत 'मी' कशाला म्हणालास? ते 'मी' मी मोजलेत. नऊ आहेत.

तू लिहिलंस की साहेबाला तू सांगितलंस, ही बैठक नागपूरच्या रस्त्यावर दोन वर्षं चालवून बघितलेली आहे, त्यामुळे त्यांनी वेगळी तपासणी ठेवलेली नाही. दोन वर्षं? तू ती गाडी एकदा चालवलीस. पेट्रोल पंपापर्यंत. येताना समोसे आणलेस.

डबा कापायला विसरू नकोस. बैठकीमुळे सीट तीन बोटं उंच होते, म्हणून सीटखालचा लोखंडी डबा तेवढा बुटका करावा लागतो, नाहीतर बसणाऱ्याचे पाय लोंबतात. हे व्हिडिओत तू सांगितलं नाहीस. तुला माहीतच नसावं, कारण डबा मी कापला तेव्हाही तू चौकात होतास.

पिनबद्दल विचारलंस, "थोडी ढिली वाटते. तशीच राहते का वं?"

तशीच असते.

आईच्या हाताची चौकशी केलीस म्हणून सांगते. थंडी पडायला लागली की दुखतो. पोळ्या मी करते, त्या तिला आवडत नाहीत.

प्रीती

◆

कन्हान, २६ नोव्हेंबर

हेही टाकणार नाही बहुतेक.

आज दुसरा व्हिडिओ बघितला. झेंडूच्या माळा घातलेल्या सहा गाड्या, ओळीने. पहिल्या गाडीत एक आजी फिरवलेल्या सीटवर बसून चहा पिताहेत, त्यांचा मुलगा समोर. आजी सीटच्या हातावर थोपटून काहीतरी म्हणतात आणि सगळे हसतात. तूही हसतोस. खाली लिहिलंय की शनिवारी सहाही गाड्या मालकांच्या ताब्यात जाणार आणि आजी थेट कोकणात जाणार. घाटातून.

आजींचे पाय जमिनीला टेकत नाहीत. म्हणजे तू डबा कापला नाहीस. म्हणजे माझं पत्र तू नीट वाचलंही नाहीस.

कोणीतरी तपासलं असेल. एवढ्या मोठ्या कारखान्यात एकाने तरी सीटवर बसून ब्रेक मारला असेल ना. मला काय करायचंय. मी चोरायला सांगितलं नव्हतं.

सकाळपासून मी हेच वाक्य घोकतेय. एका स्कूटरच्या सीटचं कव्हर दोनदा उलटं शिवलं.

◆

कन्हान, २८ नोव्हेंबर, गुरुवार

जय भीम, दादा.

हे पत्र आधी शेवटापर्यंत वाच आणि मग माझ्यावर काय चिडायचं ते चिड. सोबत दोन जुनी पत्रं आहेत, २३ ऑक्टोबर आणि २६ नोव्हेंबरची, जी मी टाकली नव्हती. ती नंतर वाच. आधी हे.

तुझ्या सहाही गाड्यांतल्या फिरत्या सीटा धोक्याच्या आहेत. पिन अर्धीच बसते. ती ढिली वाटते कारण ती ढिली आहे. मी 'तशीच असते' लिहिलं ते खोटं होतं, आणि लिहिताना मला ते पक्कं माहीत होतं. जोरात ब्रेक लागला की सीट माणसासकट फिरते. आईचा हात त्यातच मोडला. न्हाणीत नाही, पारशिवनी रोडवर, माझ्या शेजारी.

काल आईने तो आजीचा व्हिडिओ बघितला. तुला बघायला मिळतं म्हणून ती रोज माझा फोन मागते, हे तुला सांगायचं राहिलं. आधी खुश झाली. "कसा गोरा झाला पुण्याले जाऊन," म्हणाली. मग चष्मा लावून पुन्हा बघितला.

"हे सीट तेच हाय ना वं? मले पाडलं ते?"

मी म्हटलं, हो.

"बाईचे पाय टेकून नाही राह्यले. धरून काय बसन ते?" मग म्हणाली, "त्याले सांगतलं?"

मी म्हटलं, त्याने पिनचं विचारलं होतं.

"मंग?"

"मी लिहिलं, तशीच असते."

आई मेथी निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी पण ओरडले असते, तुझी सगळी यादी वाचून दाखवली असती. ती हळू आवाजात म्हणाली, "मले न्हाणीत पाडलं तू, तं मी चूप राह्यली. म्हटलं, बहीण-भावात लागन, घर तुटन. माह्या हाताचं मी पाह्यून घेतलं. त्या बाईसाठी मी काहून चूप राहू?"

मी म्हटलं, "त्याने चोरलं, आई."

"हो, चोरलं. तो चोर हाय. तू कोन हाय?"

दादा, मी आईचा फोन उचलला.

माझा शब्द मोडला. त्यावरून तुला चार वेळा लावला. तू उचलला नाहीस. तू आईचाही फोन उचलत नाहीस हे मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. कारखान्यात फोन केला तर एक मुलगी म्हणाली, "सर डिलिव्हरीच्या गडबडीत आहेत." मी तिला सीटचं सांगितलं. पिन, भोक, दोन सूत, सगळं. ती म्हणाली, "मॅडम, डिझाइन सरांचं आहे. त्यात काही असेल तर सरच सांगू शकतील. आपण कोण?" मी म्हटलं, मी त्यांची बहीण, गाद्या शिवते. खरंच असं म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. तिने बरं म्हणून फोन ठेवला.

म्हणजे बघ, तू नाव असं लावून ठेवलंयस की तुझ्याशिवाय कोणी ते काम थांबवू शकत नाही. माझ्या फर्म्याबद्दल माझं बोलणं तिथे चालत नाही.

म्हणून हे पाकीट धोंडबाकाकांच्या हाती देतेय. बाबांनी त्यांच्या कोळशाच्या ट्रकची सीट केली होती, आता ते नागपूर-पुणे ट्रॅव्हल्स चालवतात. उद्या सकाळी गाडी रिकामी झाली की ते स्वतः रिक्षा करून चाकणला येणार आहेत आणि तुझ्या हातात देणार आहेत. 'सर बिझी आहेत' हे त्यांना चालत नाही, ते दारातच बसून राहतील. त्यांना चहा पाज.

आता काय करायचं ते सांगते. सहाही सीटा समोर तोंड करून ठेव आणि बैठकीची वरची पट्टी खालच्या पट्टीला चार बोल्टांनी आवळून टाक. पिनच्या भरवशावर एकही सोडू नकोस. सीटा फिरणार नाहीत, पण कोणी पडणार नाही. आजी चहा समोर बघून पितील. हे काम शुक्रवारी दिवसभरात होतं. मी हिशेब करून बघितलाय, एका सीटला पाऊण तास.

बरोबर फर्मा पाठवत नाहीये. तो इथे भिंतीवर आहे आणि इथेच राहील. तुझ्या साहेबांना तो हवा असेल तर त्यांनी मला पत्र लिहावं, माझ्या नावाने, माझ्या पत्त्यावर. मग बघू. आई म्हणते, देऊन टाक. आईला मी नाही म्हटलं. तुझ्यावरचा माझा राग तसाच आहे. मी दोषी निघाले म्हणून तू धुतल्या तांदळासारखा होत नाहीस. ओव्याचं पाणी पिऊन गेलास तू, ते मी विसरणार नाही.

पाकिटात एक लाल कापडाचा तुकडा आहे. ओळखलास का? आईचा हात सहा आठवडे ज्या ओढणीने गळ्यात बांधला होता, तिचा आहे. काल तिने पेटीतून काढला आणि दाताने फाडला, एका हाताने फाडता येत नाही म्हणून. म्हणाली, "हे त्याले धाड. बांधाचं राह्यलं होतं ना तुमचं."

तो जुन्या फर्म्याला बांध. आणि बाबांच्या कायद्याप्रमाणे बांध. कोपऱ्यात नाही, गुपचूप नाही. साहेब, ती फोनवरची मुलगी, सगळ्यांना बोलव. फर्मा वर धरून मोठ्याने सांग की भोक दोन सूत बाहेर पडलंय, कोणाचा हात मोडलाय, आणि हे कोणी चुकवलं. ते हसतील, मग हसू देत. बाबांवरही हसायचे.

कोणी चुकवलं ते विचारतील तेव्हा अडखळू नकोस, आणि बाबांचं नाव पुढे करू नकोस. तुझंही सांगू नकोस, हा तू कापलेला नाही. खरं ते सांग. मधला खिळा आत घेतला तिथे तू माझं नाव घेतलं नाहीस. चुकीवर तरी घे.

प्रीती नत्थू गजघाटे